वाढलेला पाय

विद्यापीठाच्या चॅपलमध्ये, म्हणजे प्रार्थनागृहात, उभं राहायलाही जागा नव्हती. बाकांवर विद्यार्थी, मधल्या वाटेत विद्यार्थी, खिडक्यांच्या कट्ट्यांवर विद्यार्थी. वेदीपुढे एका लाकडी खुर्चीत वाणिज्य शाखेचा एक मुलगा बसला होता आणि प्रार्थनेने आजार बरे करतो म्हणणारे पाहुणे धर्मप्रचारक ब्रदर त्याचे दोन्ही पाय टाचांशी धरून समोर गुडघे टेकून बसले होते.

"आपल्या डोळ्यांनी बघा," ब्रदर माइकमध्ये म्हणाले. "डावा पाय आखूड आहे. बोटभर. बाळा, कंबर दुखते ना तुझी?"

परीक्षा तोंडावर आलेली. कुणाची दुखत नव्हती? मुलाने मान डोलावली.

"प्रभू, माप तुला ठाऊक आहे. येतोय... येतोय बघा. लाजू नकोस रे पाया, ये."

आणि पाय आला. दोन्ही बुटांचे तळ हळूहळू एका रेषेत आले. चॅपलभर हुंदके फुटले. पुढच्या रांगेत आमचे कुलगुरू रुमालाने डोळे टिपत होते. भाजीवाल्याने गिऱ्हाइकाला बोलवावं तसं पायाला बोलावणारा तो माणूस बघून मला तिथे बसवेना. मी उठून बाहेर आलो.

मी समाजशास्त्र शिकवतो. आमच्याकडे धर्म आणि समाज असा एक जोडवर्ग आहे. धर्माची बाजू सिस्टर, म्हणजे इथल्या एक ख्रिस्ती जोगीण, शिकवतात, समाजाची मी. सिस्टर वयाने माझ्याहून बऱ्याच मोठ्या, बोलायला तिखट आणि प्रार्थनेला कधी न चुकणाऱ्या. या सभांना आम्ही वर्गातली मुलं निरीक्षणासाठी पाठवली होती. गर्दी कशी वागते ते बघा, एवढंच काम. मुलं बघायला गेली आणि बरं होण्यासाठी स्वतःच रांगेत उभी राहून आली. त्यांत माझी भाचीही होती.

भाचीला लहानपणापासून मधुमेह. रोज इन्सुलिन घेतल्याशिवाय न चालणारा. दुसऱ्या दिवशीच्या सभेत ब्रदर म्हणाले, "ज्यांचा विश्वास आहे त्यांनी औषधं वेदीच्या पायऱ्यांवर ठेवावीत. बरं झालेल्या माणसाला गोळी कशाला?" भाचीने इन्सुलिनचं पेन पायरीवर ठेवलं. टाळ्या झाल्या.

पुढे काय झालं ते वसतिगृहात तिच्या खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीने मला फोन करून सांगितलं. उलट्या थांबत नव्हत्या, श्वास धापा टाकल्यासारखा चालला होता आणि बोलणं अडखळत होतं. आम्ही तिला दवाखान्यात नेलं, तिथून थेट अतिदक्षता विभागात. डॉक्टरांनी एकच विचारलं, "इन्सुलिन कुणी बंद केलं?" माझ्या बहिणीने माझ्याकडे बघितलं. मला उत्तर देताना लाज वाटली, आणि खरं तर ती लाज ब्रदरांना वाटायला हवी होती.

शुद्धीवर आल्यावर भाची म्हणाली, "मामा, पाय वाढताना मी बघितला. जो पाय वाढवतो तो औषधाबद्दल खोटं कसं बोलेल?"

सगळी गोम तिथेच होती. मी ते वाक्य सिस्टरांना सांगितलं. 

"म्हणजे आधी पाय बघायला हवा," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी सिस्टर गर्दीत बसल्या नाहीत. चॅपलच्या बाजूला वर गायकवृंदाचा सज्जा आहे, तिथे जाऊन बसल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा शिळं अन्न तोंडात गेल्यासारखा झाला होता.

"उद्या वर्गात या," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी जोडवर्गात कुलगुरू स्वतः ब्रदरांना घेऊन आले. विद्यार्थ्यांशी संवाद, असं ठरलं होतं. ब्रदर बोलायला उठण्याआधी सिस्टर म्हणाल्या, "कुलगुरू सर, जरा इथे खुर्चीत बसता?"

सर बसले. सिस्टरांनी गुडघे टेकले, त्यांचे पाय उचलले. "बघा मुलांनो, डावा पाय आखूड आहे." खरंच आखूड दिसत होता. वर्ग पुढे झुकला. "येतोय, येतोय बघा," सिस्टर कोरड्या आवाजात म्हणाल्या. पाय आला. तळ सारखे झाले.

"सिस्टर, तुम्हालाही वरदान मिळालं," कुलगुरू भारावून म्हणाले.

"बूट मिळाला, सर. आता सगळे या बाजूला या आणि पुन्हा बघा."

त्यांनी पुन्हा तसंच केलं, आणि बाजूने सगळं उघडं होतं. पाय उचलताना सिस्टरांनी सरांचा उजवा बूट बोटभर पुढे ओढला होता. टाच आणि बूट यांच्यामध्ये फट पडली होती. समोरून बघणाऱ्याला फक्त तळ दिसतात, म्हणून उजवा पाय लांब आणि डावा आखूड वाटतो. मग प्रार्थना करत उजवा बूट हळूच मागे दाबायचा. डावा पाय जागचा हललेला नसतो. लोकांना वाटतं, तो वाढला.

"म्हणून हे सैल बुटाची माणसं निवडतात," सिस्टर म्हणाल्या. "काल नाडीचे घट्ट बूट घातलेल्या खेळाडूला यांनी 'तुझी वेळ आली नाही' म्हणून परत पाठवलं. ब्रदर, आता अनवाणी पायावर करून दाखवा."

"प्रभूची परीक्षा घेत नाहीत," ब्रदर म्हणाले.

"प्रभूची नाही, तुमची घेतेय."

भाचीची मैत्रीण उभी राहिली. "ती तुमचं ऐकून मरणाच्या दारात गेली होती. तिला काय सांगू?"

ब्रदरांनी हात जोडले. आवाजात मध आणला. "सांग, तिचा विश्वास थोडा कमी पडला."

 मला त्या माणसाच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. कुलगुरू वाकून आपला बूट नीट घालत होते, मान वर करत नव्हते. शेवटी तेच म्हणाले, "तुम्ही आता निघा."

ब्रदर निघाले. पुढच्या आठवड्यात ते दुसऱ्या गावात पाय वाढवत होते आणि तिथलं सभागृहही भरलेलं होतं, हे मला कळलं. याची किळस अजून गेलेली नाही.

भाची घरी आली. अशक्त होती, पण इन्सुलिन वेळेवर घेत होती. तिने सिस्टरांना विचारलं, "मग मी प्रार्थना करायची की नाही?"

"कर की. मीही करते. पण कुणी डोळ्यांसमोर चमत्कार केला, तर जागा बदलून बाजूने बघ. आणि औषध बंद करायचं की नाही, हे डॉक्टरला विचार. बूट ओढणाऱ्याला नको."

वाचणाऱ्यांनाही माझं तेवढंच सांगणं आहे.