उभ्या गाडीचं ऑइल

"पोरी, हे ऑइल हायवेवरून आलेलं नाही," मामा म्हणाले होते, आणि तिने ते कानाआड केलं होतं.

कानाआड करायला तिच्याकडे कारणं होती. एक तर मामांना प्रत्येक गाडीत काही ना काही दुखणं दिसायचंच. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन त्यांनी गॅरेज काढलं होतं आणि ती पदवी फ्रेम करून फॅनबेल्टांच्या शेजारी टांगली होती. ऑइल बदलायला आलेल्या गिऱ्हाइकाला आधी व्याख्यान मिळायचं, मग ऑइल. दुसरं म्हणजे तिच्या कडेवर ठमी होती. नुकतीच लस टोचलेली, मांडीला गाठ आलेली, रडून रडून उचकी लागलेली. अशा बाईच्या नाकाखाली ऑइल मोजायची पट्टी धरून "वास घे" म्हणणारा माणूस मामाच असू शकतो.

"मामा, बाळ आहे हो हातात."

"मग तू एकटीच घे. पेट्रोलचा वास येतोय की नाही? आणि ही खूण बघ. ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलंय."

"बरं झालं की! भरायला कमी लागेल."

"हस, हस. पेट्रोल उतरलंय ऑइलमध्ये. इंजिन नीट तापतच नाही, म्हणून उडून जात नाही. झाकणाखाली बघ, सायीसारखं जमलंय. जावईबापू गाडी नेतात तरी कुठे?"

"हायवेवर. रोज संध्याकाळी. लांब जाऊन येतो."

मामांनी चष्मा कपाळावर चढवला आणि दोन डबे तिच्यासमोर ठेवले. या गाडीच्या पुस्तकात दोन्ही चालतात म्हणून सांगितलंय, ते म्हणाले. एक पातळ. गार इंजिन सुरू केल्या केल्या टर्बोपर्यंत धावत जाणारं. दुसरं जाड. तासभर दामटलेल्या, लालबुंद तापलेल्या इंजिनात टिकून राहणारं. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा भोवरा. ऑइलच्या नुसत्या एका पापुद्र्यावर तरंगत फिरतो. ऑइल पोचायला उशीर झाला की कोरडा फिरतो आणि स्वतःलाच खातो.

"म्हणून मी आधी विचारतो, गाडी कशी चालते? त्यावरच डबा ठरतो. ऑइल एक सांगतंय आणि तू दुसरंच."

"मामा, माझा नवरा आहे तो. मला माहीत नसेल का कुठे जातो ते?"

मामांनी ते मानलं. घरच्या माणसाचा शब्द. त्यांनी जाड ऑइल भरलं, ठमीच्या गालाला काळं बोट लागू न देता कोपराने लाड केले आणि म्हणाले, "विचार हो त्याला एकदा."

तिने विचारलं नाही.

ती काही निष्काळजी बाई नव्हती. उलट, डोळ्यात तेल घालून जपणं म्हणजे काय ते तिच्याकडून शिकावं. ठमी झोपली की ती नाकाखाली बोट धरून श्वास लागतो का बघायची, मग बोटाचा भरवसा नाही म्हणून आरसा धरायची. आंघोळीच्या पाण्यात कोपर बुडवायची, काढायची, पुन्हा बुडवायची. शेजारणी हसायच्या. हसू देत. त्यांनी आधीचं एक गमावलेलं नव्हतं.

थोरली. त्या दोघांनी तिला एक नाव दिलं होतं, पण ती गेल्यापासून ते घरात कुणी उच्चारलं नव्हतं. ती वेळेआधी आली, काचेच्या पेटीत वाढली, हळूहळू बाळसं धरलं आणि एके दिवशी डॉक्टर म्हणाले, घेऊन जा घरी. कडाक्याची थंडी होती. नवरा म्हणाला, "मी खाली जाऊन गाडी गरम करून ठेवतो, तुम्ही दोघी या." तो दोन-दोन पायऱ्या उतरत गेला होता. ती थोरलीला टोपी चढवत होती, आणि थोरलीचा श्वास थांबला. नर्स धावल्या, डॉक्टर धावले. काही उपयोग झाला नाही.

तेव्हा नवरा रडला नाही. कागदांवर सह्या केल्या, नातेवाइकांना फोन केले, पाळणा घडी करून माळ्यावर टाकला. "तू सावर स्वतःला, मी ठीक आहे," म्हणाला. आणि ती खरंच स्वतःलाच सावरत बसली.

ठमी झाली तेव्हा वाटलं, आता घर पुन्हा माणसात येईल. पण नवरा ठमीला घेईना. पहिल्यांदा म्हणाला, हात गार आहेत. मग म्हणाला, सर्दी आहे. मग पुन्हा हात गार. ठमी बसायला लागली, पालथी पडून पुढे सरकायला लागली, तरी याचे हात गारच. ऑफिसमधून यायचा, दारातूनच ठमीकडे बघायचा, जसं कुणी दुसऱ्याच्या खिडकीतून आत बघावं, आणि किल्ल्या उचलायचा.

"एक चक्कर मारून येतो. टर्बो गाडी आहे, मोकळ्या रस्त्यावर श्वास घेऊ दिला नाही तर बसते."

गाडीवर त्याचा जीव होता हे सगळ्या नात्यागोत्यात माहीत होतं. लग्नात तिच्या मावशीने विचारलं होतं, "आमच्या मुलीवर जास्त प्रेम की त्या गाडीवर?" तर हा म्हणाला होता, "मावशी, गाडीची हमी पाच वर्षांची आहे." सगळे पोट धरून हसले होते. कुणाला हात लावू द्यायचा नाही. धुवायची तर स्वतः, पुसायची तर स्वतः, टायरमधली हवासुद्धा स्वतः तपासणार. म्हणून तो चक्कर मारायला जायचा तेव्हा तिला बरंच वाटायचं. जाऊ दे, जीव रमतोय कुठेतरी. ठमीचा श्वास बघता बघता त्याचंही बघायला तिला दोन डोळे आणखी कुठून मिळणार होते?

हिवाळा उतरायला लागला तशी गाडी शिट्टी वाजवायला लागली. सुरू केली की बारीक, चिरकी, केटल उकळायच्या आधी वाजते तशी. मागून निळसर धूर. तिने नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मामांकडे टाक ना तू. तुला वेळ असेल तेव्हा." आणि किल्ल्या तिच्या हातात दिल्या, भाजीची पिशवी द्यावी तशा.

ती किल्ल्या हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली. पूर्वी याच माणसाने मामांच्या हाताखालच्या कारागिराला, बॉनेट जोरात आपटलं म्हणून, चार लोकांत सुनावलं होतं.

मामांनी गाडी वर उचलली, खालचा बोल्ट काढला. ऑइल खाली ठेवलेल्या परातीत पडायला लागलं. जाड म्हणून भरलेलं, पण पाण्यासारखं पडत होतं. या वेळी मामांनी व्याख्यान दिलं नाही. टर्बोचा दांडा बोटाने हलवला, तो डुगडुगला. बोट पुसत ते तिच्याजवळ येऊन बसले.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "तेव्हा ऑइल सांगत होतं आणि मी तुझं ऐकलं. गार इंजिनात जाड ऑइल. आधी वर पोचायला उशीर, मग पेट्रोल उतरून त्याचं पाणी. भोवरा कोरडा फिरला."

"पण तो तर हायवेवर..."

"नाही गं. आज किलोमीटरचा आकडाही बघितला मी, मागच्या वेळेपासून जेमतेम हललाय. ही गाडी सुरू होते, इथून तिथवर जाते आणि उभी राहते. इंजिन चालू ठेवून, तासन्‌तास. उभ्या उभ्या जळते." त्यांनी खांदे उडवले. "आता एवढी भारी गाडी घेऊन उभं राहायचंय कशाला, ते त्यालाच ठाऊक. मित्राकडे गप्पा मारत बसत असेल, हीटर लावून."

मामांच्या डोक्यात फक्त इंजिन होतं. त्यांना दोष कसा द्यायचा? पण ती ठमीला छातीशी धरून त्या काळ्या परातीकडे बघत राहिली. इथून तिथवर जाते. उभी राहते. इंजिन चालू ठेवून.

*गाडी गरम करून ठेवतो, तुम्ही दोघी या.*

तिला कुठलाही पत्ता विचारावा लागला नाही.

मामांनी पातळ ऑइल भरून दिलं आणि बजावलं, नवा टर्बो येईपर्यंत फार पळवू नका. संध्याकाळी नवऱ्याने नेहमीसारख्या किल्ल्या उचलल्या.

"मामा नको म्हणालेत," ती म्हणाली.

"हळू जातो. एकच चक्कर."

तो गेला. तिने ठमीला टोपी घातली, मोजे घातले, शालीत गुंडाळून पोटाशी बांधलं, दुपट्यांची पिशवी घेतली आणि चालत निघाली. फार लांब नव्हतंच. तीन गल्ल्या, एक सिग्नल, मग हॉस्पिटलची मागची भिंत. तिथे धुलाईघराचे पाइप भिंतीतून वाफ सोडतात आणि ओल्या चादरींचा वास येतो. त्या दिवसानंतर ती या बाजूला फिरकलीसुद्धा नव्हती. औषधं आणायलाही वळसा घालून जायची. आणि हा रोज येत होता.

गाडी त्याच जागी उभी होती, जिन्याच्या दारासमोर. शिट्टी वाजत होती. काचा आतून धुरकटलेल्या. नवरा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता आणि समोर डॅशबोर्डवर फोन उभा करून ठेवला होता, स्क्रीन स्वतःकडे करून.

तिने काच वाजवली.

तो दचकला नाही. जणू कुणीतरी येणारच होतं. तिने पलीकडचं दार उघडलं आणि आत बसली. आत भट्टीसारखं गरम होतं.

"इथे काय करतोयस रे?"

"गाडी गरम करतोय," तो म्हणाला. आणि समोरची काच पुसत, "मला ऐकूच आला नाही."

"काय?"

"फोन. तू किती वेळा लावलास तेव्हा. मी गरम हवेचा ब्लोअर फुल सोडला होता. पोरीला गार लागू नये म्हणून. त्या आवाजात..." त्याने समोरच्या फोनकडे बोट केलं. "आता समोर ठेवतो."

तिने ठमीची शाल सैल केली. त्याला काय काय सांगावं? की ऐकू आला असता तरी तू पोचला नसतास? डॉक्टरांनी ते तेव्हाच सांगितलं होतं, दोघांना एकत्र बसवून. तो मान हलवत होता तेव्हा. त्याने ऐकलंच नव्हतं बहुतेक.

"तू तरी तिच्याजवळ होतीस," तो म्हणाला. "मी इथे सीट तापवत बसलो होतो."

"मी नव्हते."

त्याने पहिल्यांदा मान वळवली.

"मला बाहेर काढलं त्यांनी. दार लावून घेतलं. मी बाकावर बसून तुला फोन लावत होते. हातात टोपी होती तिची. मला वाटलं, तुला माहीत आहे."

"मला वाटलं, तुझ्या मांडीवर गेली."

इतके दिवस एका छपराखाली, एका पातेल्यातलं वाढून घेत, दोघं दोन वेगवेगळे मृत्यू सांभाळत होते. त्याने थोरलीचं नाव घेतलं. फक्त नाव. मग स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि जो आवाज त्याच्या छातीतून निघाला तो ऐकून ठमी त्याच्याकडे टक लावून बघायला लागली.

"घेतोस हिला?"

"हात गार आहेत गं."

तिने त्याचा हात हातात घेतला. त्या भट्टीत बसूनही तो खरंच बर्फासारखा होता. म्हणजे तो थाप मारत नव्हता. तिनेच कधी हात लावून बघितलं नव्हतं.

त्या दिवशी त्याने ठमीला घेतलं नाही. खोटं कशाला सांगायचं? त्याने इंजिन बंद केलं, शिट्टी थांबली आणि धुलाईघराचा घुमणारा आवाज तेवढा उरला. गाडी तिथेच ठेवून तिघं चालत घरी आली. तो दोन पावलं मागे, हातात ठमीच्या दुपट्यांची पिशवी घट्ट धरून.

नवा टर्बो आला, बसला. तोवर तिने मामांना सगळं सांगितलं होतं. मग गाडी विकली. घेणाऱ्याने मामांना विचारलं, ऑइल कुठलं घालू? मामा म्हणाले, आधी सांगा, गाडी कशी चालवणार? आणि ते विचारता विचारता त्यांचा आवाज असा काही कातर झाला की त्या माणसाला वाटलं, गाडीत काहीतरी खोट आहे. हल्ली मामा फोन करतात तेव्हा आधी "तो कसा आहे?" विचारतात. ती "बरा आहे" म्हणाली तर म्हणतात, "नीट बघून सांग."

ती नीट बघते. तो आता एका डॉक्टरांकडे जातो, बोलतो. कधी बोलत नाही, नुसता बसून येतो. ठमी त्याच्या पायाला धरून उभी राहते, आणि तो हलत नाही, ती आपणहून खाली बसेपर्यंत. एखाद्या संध्याकाळी तो जागेवर सापडत नाही. मग ती ठमीला टोपी घालते आणि तीन गल्ल्या चालत जाते. तो जिन्याच्या दारासमोर उभा असतो. तीही शेजारी उभी राहते.

तुमच्याही घरातून कुणी रोज "एक चक्कर मारून येतो" म्हणून जात असेल, आणि विचारलं की "मी ठीक आहे" म्हणत असेल, तर एकदा मागे जाऊन बघा. इमारतीच्या खालीच असेल कदाचित, चालू गाडीत, धुरकटलेल्या काचांमागे. काच वाजवा. तो म्हणेल, काही नाही, असंच. तरी पलीकडचं दार उघडा, बसा, आणि त्याचा हात हातात घेऊन बघा, गार आहे का.