केसपेपरवरची भुईआवळी

“माझ्या अंगावर मास नाय, अन लिव्हरवर चरबी कुठून आली?” नवसाबाईंनी विचारलं.

डॉक्टर हसले. “साखरेच्या आजारात होतं असं, मावशी. सोनोग्राफीत दिसतंय.” सत्त्याऐंशी साली नाशकात ते मशीन नवंच होतं. “घरी आणखी काही औषध घेता?”

नवसाबाईंनी शेजारी उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं. वत्सला याच दवाखान्यात अकरा वर्षं नर्स होती. सकाळी रिक्षात तिनं आईला बजावलं होतं, “तिथं तुझ्या झाडपाल्याचं काही काढू नकोस. मला त्या लोकांत काम करायचंय.”

“नाय,” नवसाबाई म्हणाल्या. “काय नाय घेत.”

दिंडोरीकडच्या वत्सलाच्या गावात काविळीचा माणूस आधी आईच्या दारात यायचा. ज्यांच्या घरचं पाणी आईला कधी मिळालं नाही, तेही तिच्या हातचा भुईआवळीचा रस पिऊन जायचे. आठ दिवसांत डोळे निवळले नाहीत, तर ‘आता नाशकाला न्या’ असं सांगणारीही तीच. आणि आज ती लेकीसाठी खोटं बोलली होती.

“डॉक्टर,” वत्सला म्हणाली, “ती रोज भुईआवळीचा रस घेते. दोन महिने झाले. सांगू नको, असं मीच म्हटलं होतं.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “किती घेता, मावशी?”

“अर्धी वाटी. अनशापोटी.”

“त्यानं चरबी उतरेल की नाही, मला ठाऊक नाही. पण साखरेच्या गोळ्या चालू आहेत, तेव्हा मला माहीत असलेलं बरं. सिस्टर, केसपेपरवर लिहा.”

वत्सलानं लिहिलं. आई वाकून त्या अक्षरांकडे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं.

“नीट लिव. तिच्यावानी दुसरी बी एक उगवती.”

“ती कशी ओळखायची?” डॉक्टरांनी विचारलं.

“बोलून नाय कळायचं. दाखवावी लागंल.”

दुपारी दोघी दवाखान्यामागच्या कुंपणाशी गेल्या. भाद्रपदातलं गवत दाट माजलं होतं. वॉर्डाच्या खिडकीतून दोन नर्स बघत होत्या. वत्सलानं पांढऱ्या साडीचा पदर खोचला आणि आईशेजारी मातीत उकिडवी बसली.

“ही का गं, आई?”

“नाय. हिचे दाणे लांब देठाला लोंबत्यात.”

नवसाबाईंनी तिचा हात धरला आणि अलगद पलीकडच्या रोपावर नेला.