दोन जावांचे रिपोर्ट

थोरलीने चपला काढल्या, बाह्या सरसावल्या आणि कुणाचाही हात न धरता ती हाडांच्या तपासणीच्या उंच टेबलावर चढली.

"अहो, स्टूल आहे ना खाली," मशीन चालवणारी मुलगी म्हणाली.

"ते म्हाताऱ्यांना असू दे," म्हणत थोरली आडवी झाली.

मशीनचा हात तिच्या कमरेवरून खुब्याकडे सावकाश सरकू लागला. दाराशी उभ्या असलेल्या धाकटीला हसू आवरेना. सत्तावन्न वर्षांची तिची जाऊ तिथे पडल्या पडल्याही खिडकीवरचा पडदा न्याहाळत होती.

"अस्तर तोकडं पडलंय," थोरली म्हणाली. "कुणी शिवलाय हा?"

"बोलू नका, हाडं हलतील," मुलीने दटावलं.

दोघी जावा एकाच घरात होत्या, पडद्यांच्या एकाच कारखान्यात होत्या आणि एकाच दुखण्यातही. संधिवात, पण उतारवयातला नव्हे, शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं तो. धाकटीला तो सव्विसाव्या वर्षी जडला, लग्नाला वर्ष होत होतं तेव्हा. थोरलीला पाच वर्षांपूर्वी. "सासरी दागिने सारखे मिळाले नाहीत, दुखणं तेवढं सारखं मिळालं," असं थोरली येईल त्याला ऐकवायची.

धाकटीला मात्र सगळ्या घराने फुलासारखं जपलं. गेली अठरा वर्षं तिला कुणी भरलेली बादली उचलू दिली नव्हती. तिचं नावच चिमणी पडलं होतं. कापडाचे तागे थोरली खांद्यावरून वाहायची. गिऱ्हाइकाच्या घरी माप घ्यायला शिडीवरही तीच चढायची, कारण नवरा आणि दीर दोघांच्याही मापावर तिचा काडीचा भरवसा नव्हता. चिमणीने खुर्चीत बसायचं आणि पडद्यांना कड्या लावायच्या.

तासाभराने डॉक्टरीणबाईंनी दोघींना आत बोलावलं. रक्ताचे कागद आणि हाडांचे कागद शेजारी शेजारी मांडून त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"मागच्या आठवड्यात रक्त घेतलं, त्यात मी काही अँटिबॉडी तपासल्या," त्या म्हणाल्या. "शरीराने स्वतःविरुद्धच तयार केलेल्या असतात त्या. ज्या बायकांत त्या जास्त सापडतात, त्यांची हाडं बरेचदा लवकर झिजतात. म्हणून दोघींची हाडंही बघून घेतली."

थोरलीने चटकन धाकटीचा हात धरला. "सांगा, डॉक्टर. मी आहे हिच्याजवळ."

"ह्यांच्या रक्तात त्या नाहीतच. आजार आहे, पण ही खूण नाही. हाडंही ठणठणीत आहेत." डॉक्टरीणबाईंनी दुसरा कागद वर घेतला. "तुमच्यात मात्र भरपूर आहेत. मणका आणि खुबा, दोन्हीकडचं हाड विरळ झालंय. अजून काही मोडलं नाही हे नशीब. पण पडलात तर खुबा जाईल."

दोघींचे हात तसेच एकमेकींत राहिले. फक्त आता धाकटीने थोरलीचा धरला होता.

"कागद इकडचे तिकडे झाले असतील," थोरली म्हणाली.

"नाही झाले. दोनदा बघितलंय."

"अठरा वर्षं ही आजारी आहे. मला काय धाड भरलीये? मी तागे उचलते."

"तेच बंद करायचं. शिडीसुद्धा." डॉक्टरीणबाई लिहू लागल्या. दर सोमवारी सकाळी उपाशीपोटी एक गोळी, त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. रोज चालायचं, शिकवतील तो व्यायाम करायचा. "वेळेवर आलात. अजून पुष्कळ सावरता येईल."

"आणि मी?" धाकटीने विचारलं. "मी वजन उचललं तर?"

"बोटांवर ताण नको. खांद्यावर घ्या. खुशाल घ्या."

धाकटीने 'खुशाल' हा शब्द मनातल्या मनात दोनदा घोळवला.

बाहेर पायऱ्यांवर थोरली थांबली. कठड्याला टेकली.

"घरी सांगायचं नाही," ती म्हणाली. "म्हणजे सांगायचं, पण उलटं. तुझी हाडं विरळ, माझी ठणठणीत."

"ताई!"

"सभागृहाचं काम महिन्यावर आलंय. चाळीस पडदे आणि स्टेजचा वेगळा. ह्यांना कळलं तर उद्यापासून मला खुर्चीत बसवतील." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मला नाही गं खुर्चीत बसता येत."

खुर्चीत कसं बसायचं ते धाकटीला चांगलं ठाऊक होतं.

"एकच महिना," ती म्हणाली. "आणि गोळी घ्यायची."

"घेईन की."

"बघू."

संध्याकाळी घरात उलटी बातमी सांगून झाली. धाकटीच्या नवऱ्याचा चेहरा उतरला. थोरलीचे यजमान, ज्यांना सगळं घर दादा म्हणायचं, त्यांनी धाकटीच्या पाठीशी आणखी एक उशी आणून ठेवली. थोरली तोंड फिरवून चहा ढवळत राहिली.

मग धाकटीने तोंड उघडलं.

"डॉक्टरांनी सांगितलंय, रोज सकाळी चालायचं. मला एकटीला भीती वाटते. ताई येतील."

"मी? सकाळी मला कटिंग असतं."

"डॉक्टरांनी सांगितलंय," धाकटी गरीब चेहऱ्याने म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून दोघी चालायला जाऊ लागल्या. व्यायामही दोघींनी मिळून करायचा ठरला, कारण धाकटीला म्हणे आकडे मोजताना चुकायला होतं. सोमवारी गोळीच्या वेळी थोरलीने तिच्या शेजारी ताठ बसायचं, म्हणजे तिचा डोळा लागणार नाही. दार लावून घेतलं की गोळी थोरलीच्या तोंडात जायची आणि धाकटी नुसतं पाणी प्यायची.

मग तागे वरच्या फळीवरून खाली आले, कारण धाकटीला मान वर करायची नव्हती. शिडी मागच्या खोलीत गेली, कारण ती दिसली की तिला म्हणे गरगरायचं.

"माजलीयेस," कापड कापता कापता थोरली दात ओठ खात म्हणाली.

"सांगू का घरी?"

थोरलीने कात्री जोरात चालवली.

पण दुपारी पुरुष गाडी घेऊन बाहेर पडले की धाकटी खुर्चीतून उठायची. पहिल्या दिवशी तिने मखमलीचा सगळ्यात लहान तागा खांद्यावर घेतला आणि दारापासून टेबलापर्यंत आणला. पाय थरथरत होते. हाडांमुळे नव्हे, सवय नव्हती म्हणून. टेबलावर तो आदळला तेव्हा धूळ उडाली आणि ती खो खो हसत सुटली. थोरलीने हातातलं काम थांबवलं. दुसऱ्या दिवशी तिने मोठा तागा पुढे सरकवला.

"गुडघे वाकव आधी," एवढंच म्हणाली. "मग उचल."

महिना बघता बघता सरला. सभागृहात पडदे चढले ते एक दिवस आधीच. शेवटी स्टेजचा मोठा राहिला. तो दोरीने ओढून पाहिला तर मधेच अडकला. खाली दादा आणि धाकटीचा नवरा दोऱ्या सोडवत होते. थोरलीने इकडेतिकडे पाहिलं, भिंतीला टेकवलेली शिडी जवळ ओढली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"ताई, उतरा," धाकटी म्हणाली.

"हळू बोल. सगळे बघतायत."

"बघू देत."

तिने थोरलीला कमरेला धरून बाजूला केलं आणि स्वतः चढू लागली. तिसऱ्या पायरीवर नवऱ्याचं लक्ष गेलं. त्याच्या हातातली दोरी गळून पडली.

"अगं ए! काय करतेयस? तुझी हाडं..."

"ओरडू नकोस," दादा शांतपणे म्हणाले. "शिडी धर." मग त्यांनी मान वर केली. "चिमणे, डावीकडून तिसरी कडी अडकलीये. दांडी नको धरूस, भिंतीला हात टेकव."

थोरलीने आपलं सोंग शेवटपर्यंत निभावायचं ठरवलं. "अहो, तिला काही झालं म्हणजे?"

"काही होत नाही. ठणठणीत आहे ती." दादा वरच बघत होते. "गोळ्यांच्या पाकिटात डॉक्टरांची चिठ्ठी होती, तिच्यावर तुझं नाव. पहिल्याच सोमवारी वाचलं मी."

थोरली त्यांच्याकडे वळली. "मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू घेतली असतीस गोळी?" दादा म्हणाले. "आणि दुपारी एकदा लवकर परत आलो होतो. ती तागा घेऊन येत होती. गुणगुणत होती. मी दारातूनच परत फिरलो."

थोरलीने त्यांच्या दंडाला धरलं. किती तरी दिवसांनी तिने असा कुणाचा तरी आधार घेतला होता.

धाकटीच्या नवऱ्याला अजून काहीच उमगलं नव्हतं. तो शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरून, डोळे मिटून उभा होता.

वर धाकटीने कडी सोडवली. पडदा सरसर सरकत पूर्ण उघडला आणि अख्खं सभागृह तिच्या पुढ्यात आलं. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा, लांबवरचं दार, त्यातून येणारा उजेड. इतक्या उंचावरून तिने कधी काही पाहिलं नव्हतं.

"झालं ना? उतर आता," नवरा खालून म्हणाला.

"थांबा जरा," ती म्हणाली. "उजवीकडचंही बघून घेते." आणि आणखी एक पायरी वर गेली.