काळी केलेली म्हैस

चांगदेव न्हावऱ्याच्या अलीकडच्या फाट्यावर दौंडच्या एसटीतून उतरला आणि दूध संस्थेसमोर जागीच थांबला. चौथऱ्यावरची म्हैस काळी झाली होती. शिंगांपासून खुरांपर्यंत चकचकीत ऑइल पेंट.

ती म्हैस त्याच्या बायकोनं, ताईबाईनं केली होती. चांगदेव वरवंडपर्यंत लोकांच्या घरात फरशा बसवायचा आणि ताईबाई फुटके तुकडे गोळा करायची. हिरवे, पिवळे, कपबश्यांचे फुलाफुलांचे. दोन वर्षं खपून तिनं एकेक तुकडा पकडीनं तोडून सिमेंटात बसवला. लोक विचारायचे, "ताईबाई, हिरवी म्हैस दूध तरी देती का?"

"देती की. तुमच्यासारखं पाणी घातल्यालं न्हाई देत."

ताईबाई जाऊन चाळीस दिवस झाले होते.

"आप्पा, कशी दिसती?" संस्थेचा चेअरमन मल्हारी पांढऱ्या कपड्यांत पुढं आला. "दुपारी पाव्हणे येणार. म्हणलं, म्हैस म्हशीवानी दिसाया पायजे. दोन हात मारलेत!"

"कुणाला इचारलं?"

"त्यात काय इचारायचं? रंगच दिलाय, फोडली तर न्हाई."

चांगदेवनं पिशवीतलं पातं काढलं, चौथऱ्यावर चढला आणि म्हशीची पाठ खरवडू लागला. टाइलीवरचा रंग सालीसारखा निघाला. खाली हिरवा तुकडा तसाच होता. पण तुकड्यांमधले सांधे काळेच राहिले. तिथलं पांढरं सिमेंट रंग पिऊन बसलं होतं.

"सांधे उकरा की," मल्हारी म्हणाला. "पांढरं सिमेंट मी देतो. तुमच्या हातचंच काम हाय."

"माझ्या हातचं न्हाई!" चांगदेव उठून उभा राहिला. "तिनं बोटानं भरलंय हे. कातडी जायची, तरी हातमोजा घालायची न्हाई. सांधा कळत न्हाई म्हणायची. आन् ते मी उकरून टाकू? तुझ्या पाव्हण्यासाठी?"

"अवो, पण अर्धी काळी, अर्धी हिरवी... तासाभरात गाडी येईल!"

"येऊ दे." चांगदेवनं दुसरं पातं त्याच्यापुढं धरलं. "चढ वर. पोटाखालचं तू काढायचं. सांध्याला पातं लागलं तर याद राख."

मल्हारीनं आजूबाजूला पाहिलं. मांडव घालणारी माणसं कामं टाकून बघत होती. त्यानं पातं घेतलं आणि पांढऱ्या लेंग्यानिशी म्हशीखाली मांडी घालून बसला.

चांगदेव शिंगाकडं वळला.

"हळू," तो वरून ओरडला. "हळू खरवड!"