मैनेच्या पायांवर पाणी

मी एक जुना टेम्पो आहे. जुना म्हणा, चालेल. खटारा म्हणू नका. मित्रांनो, मला खटारा म्हणणाऱ्यांचीच पोती मी पाटोद्याच्या बाजारातून घरपोच केली आहेत, म्हणून मला लगेच राग येतो.

कारखान्यातला जन्म मला आठवत नाही. आठवते ते बद्रीनाथने मला घरी आणले तेव्हा त्याच्या आईने बोनेटवर काढलेले हळदीचे स्वस्तिक. काय रंग होता तेव्हा माझा, पिकल्या टोमॅटोसारखा! तेलगावचा कापूस, सिरसाळ्याच्या बाजारातली शेरडं, लग्नाची वऱ्हाडं, काय काय वाहिले नाही मी? लोक म्हणायचे, "बद्रीनाथ, गाडी लई गुणाची हाय बे." मग रंग उडाला, पत्रा गंजला, हौद्यातली एक फळी कुजली. बद्रीनाथ तिच्यावर पाय आपटून बघायचा आणि म्हणायचा, "बघू फुडच्या आठवड्यात." तहान लागली की विहीर खणायची, असा आमचा मालक. पण मनाने वाईट नाही हो.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या ताराबाई त्याच्याकडे आल्या. त्यांची मैना नावाची पांढरी घोडी अख्ख्या तालुक्यात प्रसिद्ध होती. नवरदेव पाठीवर बसला आणि हलगी कडाडली की मैना अशी नाचायची, की लोक नवरदेवाला विसरून जायचे. ताराबाईंच्या मालकांनी, ते असताना, ती शिंगरू होती तेव्हापासून तिला शिकवले होते, की हलगी ऐकू आली की थांबायचे नाही. थांबायचे कधी? वरात मांडवाच्या दारात पोचली, नवरीच्या आईने घोडीच्या पायांवर तांब्याभर पाणी घातले, की मग. तोवर जीव गेला तरी नाही.

आणि डांबरी रस्त्यावर नाचून नाचून तिचे गुडघे गेले. ताराबाई रोज हळद-तेलाने शेकायच्या. एक व्यापारी मैनेला मागत होता. त्याच्याकडे गेली असती तर तिला पुन्हा नाचावेच लागले असते. ताराबाईंचा धाकटा भाऊ रामेश्वर मात्र पाचगणीच्या पठारावर लहान मुलांना घोड्यावरून फिरवतो. तिथे नुसते हळू चालायचे. तो फोनवर म्हणाला होता, "आण अक्का. पण पोरं बसतेत पाठीवर. नाचली तर मला ठेवता येणार न्हाई."

"पायानं धड पोचली तर तिचं म्हातारपण सुटलं," ताराबाई बद्रीनाथला म्हणाल्या. "नेशील का भाऊ?"

"कावून न्हाई नेणार, मावशी?"

हौद्यात माती अंथरली, तिच्यावर उसाचे पाचट. पाचटाखाली ती कुजकी फळी झाकून गेली. मी एकदा करकरून बघितले, पण मला विचारतो कोण?

पहाटे निघालो. जामखेड, कर्जत, बारामती, फलटण. एवढ्या लांब मी कधी गेलो नव्हतो. ताराबाई मागे मैनेजवळ पोत्यावर बसल्या होत्या आणि तिला येणारे प्रत्येक गाव सांगत होत्या. "बघ, ऊस. आपल्याकडच्यावानीच." मैना कान हलवायची. तिचा एकेक पाय मला फळ्यांवर कळत होता. इतके जपून उभे राहिलेले ओझे मी आजवर वाहिलेले नाही.

वाई सोडून घाट चढायला लागलो. दुपारची वेळ, बद्रीनाथच्या डोळ्यांवर पेंग आलेली. झोप उडावी म्हणून त्याने टेप मोठ्याने लावला. पहिलेच गाणे हलगीचे!

मित्रांनो, व्हायचे तेच झाले. मैनेने मान उंच केली आणि नाचायला लागली. त्या सुजलेल्या गुडघ्यांनी, घाटातल्या वळणावर, माझ्या पाठीवर! मी डावीकडे झुकतोय, उजवीकडे झुकतोय. ताराबाई केबिनवर मुठी आपटत होत्या. हलगीपुढे ऐकू कसे येणार? बद्रीनाथला वाटले टायर बसला. त्याने कडेला घेतले, खाली उतरला आणि चाके बघत बसला. टेप तसाच चालू!

"टेप बंद कर, मेल्या!" ताराबाई ओरडल्या.

त्याने धावत जाऊन टेप बंद केला. पण मैना थांबेना. तिला शिकवलेच तसे होते ना! आणि त्या फळीने 'कर्र' आवाज केला. खूर आत गेला असता तर पाय मोडलाच असता, आणि पाय मोडलेली घोडी पुन्हा उभी राहत नाही. मी सगळा जीव त्या एका फळीत आणून धरला होता, खोटे नाही सांगत.

ताराबाईंनी प्यायच्या पाण्याचा कॅन उचलला. नाचणाऱ्या पायांजवळ गेल्या आणि एकेका खुरावर पाणी ओतले. "पोचली वरात, बाय माझी. पोचली."

मैना थांबली. धापा टाकत तिने मान त्यांच्या खांद्यावर ठेवली. चाक बदलताना जॅकखाली ठेवायची जाड फळी बद्रीनाथने त्या कुजक्या फळीवर टाकली. पुढचा घाट आम्ही बैलगाडीच्या चालीने चढलो.

पठारावर रामेश्वरने तिचे पाय चाचपले. धड होते. अंजू नावाची एक लहानगी तिच्या पाठीवर बसली. ताराबाईंनी बादली मागवली आणि मैनेच्या चारी पायांवर शांतपणे पाणी घातले.

"रोज सकाळी घालत जा, रामेश्वर. पोरं बसायच्या आधी. म्हणजे तिला कळंल, लगीन झालं."

निघायला म्हणून बद्रीनाथने चावी फिरवली, आणि घात! गडबडीत त्याचा हात टेपच्या बटणाला लागला. हलगी कडाडली. सगळे जागच्या जागी थिजले. मैनेचे कान ताठ झाले. पुढचा एक पाय वर आला. तिने खाली ओल्या मातीकडे पाहिले, मग ताराबाईंकडे पाहिले. आणि पाय हळूच खाली ठेवला.

अंजू म्हणाली, "घोडी चालत का नाही?" तेव्हा मैना चालायला लागली.

परतीच्या वाटेवर ताराबाई केबिनमध्ये बसून फलटणपर्यंत रडत होत्या. टेप बंद होता. पाटोद्याला पोचल्यावर बद्रीनाथ मला घरी न नेता थेट सुताराकडे घेऊन गेला. आता माझी ती फळी नवी आहे, तिच्यावर पाय आपटून बघा पाहिजे तर.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी असे असेल, जे शिकवले म्हणून नाचतेच आहे, गुडघे दुखले तरी बोलत नाही. ते स्वतःहून थांबणार नाही. फुडच्या आठवड्यात बघू म्हणू नका. आजच तांब्याभर पाणी घेऊन जा आणि सांगा, वरात पोचली.