समजा, क्रमांक सहा

मोबाइल फोनच्या कारखान्यातल्या रेडिओ प्रयोगशाळेत त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणत, आणि हे नाव त्यांनी स्वतःच्या कर्मानेच कमावलं होतं. कुणी साधा प्रश्न विचारला की बाई मार्करचं टोपण उघडून फळ्याकडे निघायच्या. विचारणाऱ्याचा चहा गार व्हायचा, पण शंका मात्र मुळापासून उपटली जायची.

त्यांचा लाडका विषय एकच, दोन तारांचा नियम. फोनच्या पोटात रेडिओचे बरेच भाग नांदत असतात. लहरींना जोर देणारा अँप्लिफायर, अँटेनाशी जुळवून घेणारा ट्यूनर आणि त्यांचं बाकीचं गणगोत. पूर्वी ज्या कारखान्याचा भाग, त्याच्या तारा वेगळ्या, हुकूम वेगळे आणि नखरेही वेगळे. एकदा एकाचा भाग घेतला की जन्माची गाठ पडली. शेवटी सगळ्यांनी मिळून एक नियम ठरवला. सगळ्या भागांना मिळून दोनच तारा, एकीवर ताल आणि दुसरीवर हुकूम. प्रत्येक भागाला एक क्रमांक. फोनचा मेंदू आधी क्रमांक पुकारणार, मग काम सांगणार. ज्याचा क्रमांक त्याने ऐकायचं, बाकीच्यांनी तोंड मिटून बसायचं. कुणाचाही भाग काढा, कुणाचाही लावा, फोनला कळतासुद्धा कामा नये, असं बाई छातीठोकपणे सांगायच्या. बाहेरच्या कारखान्यांतल्या मुलामुलींसाठी त्या या नियमाचे वर्गही घ्यायच्या.

या वर्गांतून बाहेर पडलेली सगळ्यात हुशार विद्यार्थिनी त्यांच्या घरातच होती. त्यांची धाकटी जाऊ. धाकटीने बरी चाललेली नोकरी सोडली आणि दोन मैत्रिणींना गोळा करून एका लहानशा गाळ्यात ट्यूनर बनवायला घेतला. आता याच कारखान्याच्या नव्या फोनमध्ये तो ट्यूनर लावून बघायचं ठरलं होतं. चाचणी पार पडली तर गाळ्याचं नशीब उघडणार होतं. नाही पडली, तर प्रयोगशाळेचे साहेब आधी ट्यूनर पुरवणाऱ्या जुन्याच कंपनीकडे परत जाणार होते आणि गाळ्याला टाळं लागणार होतं. धाकटीकडे दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं.

आणि चाचणी कुणाकडे आली? बाईंकडे. नातं लपवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्या सरळ साहेबांच्या खोलीत जाऊन सांगून आल्या. साहेब म्हणाले, "मग तर बरंच झालं. जावेइतकं कडक कोण तपासणार?"

त्या दिवसापासून दोघींनी घरात या विषयावर मौन धरलं. पण कामाशिवाय दोघींना बोलायला येतच नव्हतं, हे मौन धरल्यावर त्यांच्या लक्षात आलं. स्वयंपाकघरात "मीठ दे", "कुकर बंद कर" एवढंच ऐकू यायला लागलं. सासूबाईंनी दोन दिवस वाट पाहिली आणि मग थोरलीला बाजूला घेऊन विचारलं, "भांडण झालंय का गं तुमचं? काय असेल ते एकदा कडाकडा भांडून मोकळ्या व्हा. हा शांतपणा मला सोसत नाही."

चाचणीच्या दिवशी सकाळी खिडकीपाशी फोन लावला, तर आवाज असा की पलीकडचा शेजारीच बसलाय. बाईंचा जीव भांड्यात पडला. पण साहेबांची खरी परीक्षा तळघरात असायची. गाड्या लावायच्या त्या जागेत, जाड भिंतींमागे, जिथे टॉवरची लहर कशीबशी पोचते. तिथे नेल्याबरोबर फोन तुटला. पुन्हा लावला, पुन्हा तुटला. धाकटीचा ट्यूनर काढून जुन्या कंपनीचा लावला, तर फोन मुकाट्याने चालला.

"दोष कुणात आहे हे आता शेंबडं पोरही सांगेल," साहेब म्हणाले. "बाई, मला वाईट वाटतंय, पण भाग परत पाठवा."

"चहापर्यंत वेळ द्या."

"चहापर्यंत. त्यानंतर नाही."

बाई टेबलाशी बसल्या. धाकटी गाळ्यात फोनकडे डोळे लावून बसली असणार, हे त्यांना न बघता दिसत होतं. त्यांनी दोन तारांना यंत्र जोडलं आणि मेंदू काय हुकूम सोडतो ते पडद्यावर बघायला लागल्या. लहर क्षीण झाली की मेंदू अँप्लिफायरला म्हणायचा, जोर लाव. हुकूम बरोबर होता. अँप्लिफायर जोर लावतही होता. पण त्याच क्षणी ट्यूनरही हलत होता, आणि अँटेनाशी जमवलेलं सगळं बिघडवून बसत होता.

ह्याला कुणी बोलावलं मध्येच? बाईंनी दोन्ही भागांचे क्रमांक वाचले. अँप्लिफायरचा क्रमांक सहा. ट्यूनरचाही सहा.

म्हणजे हाक एकाला आणि ओ देणारे दोघे. 'जोर लाव' हा हुकूम ट्यूनरने स्वतःचा समजून घेतला होता, आणि त्याच्या लेखी त्या हुकमाचा अर्थ भलताच होता. खिडकीपाशी जोर लावायची वेळच येत नव्हती, म्हणून तिथे सगळं आलबेल होतं; आणि जुन्या कंपनीच्या ट्यूनरचा क्रमांक वेगळा होता, म्हणून तो तळघरातही गप्प बसला होता. दोन्ही कारखान्यांच्या सूचना वेगवेगळ्या आल्या, वेगवेगळ्या भरल्या गेल्या, आणि त्या शेजारी ठेवून बघायचं कुणालाच सुचलं नाही.

पण इतके क्रमांक पडलेले असताना दोघांनीही सहाच कसा निवडला? बाई विचार करता करता सवयीने उठल्या, मार्करचं टोपण उघडलं, फळ्यावर लिहायला हात उचलला आणि तिथेच थांबल्या.

गेली कित्येक वर्षं त्या प्रत्येक वर्गात पहिल्या तासाला एकच वाक्य लिहीत आल्या होत्या. 'समजा, आपल्या भागाचा क्रमांक सहा.'

काखेत कळसा आणि गावाला वळसा! बाईंना आधी हसू आलं, मग घाम फुटला.

साहेब चहाचा कप घेऊनच आले. बाईंनी त्यांना पडदा दाखवला. साहेबांनी तो बारकाईने पाहिला आणि विचारलं, "बरं, मग चूक कुणाची? ट्यूनरवालीची की अँप्लिफायरवाल्याची?"

'दोघांचीही' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. प्रयोगशाळेतली सगळी मंडळी माना वर करून ऐकत होती, आणि इतकी वर्षं जिच्या फळ्याला लोक मान देत आले, तिला आता त्याच फळ्याची लाज काढायची होती.

"माझी," त्या म्हणाल्या. "मी वर्गात उदाहरणाला सहा आकडा घेते. दोघांनी तोच उचलला."

साहेबांच्या भुवया वर गेल्या. "बाई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. जावेला वाचवायला स्वतःच्या अंगावर घेताय का?"

हे मात्र बाईंना झोंबलं. त्यांनी तिथूनच अँप्लिफायर बनवणाऱ्या कंपनीतल्या इंजिनिअरला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "तुमच्या भागाला तुम्ही सहाच क्रमांक का दिलात हो?"

"अहो बाई, असं काय करता?" पलीकडून आवाज आला. "तुम्हीच नाही का शिकवलंत? फळ्यावर सहा लिहिला होता. आम्ही म्हटलं, बाईंचा आकडा आहे, विचार करूनच घेतला असणार. आपण कशाला शहाणपणा करा? का, काही चुकलं का?"

प्रयोगशाळेत हशा पिकला. साहेबांच्या कपातला चहा बशीत सांडला. "पोरं लक्ष देत नाहीत म्हणून तुम्ही सारख्या कुरकुरता," ते डोळे पुसत म्हणाले, "आणि ही बघा, आकड्यासकट लक्ष देतात!"

"सगळ्या तासांना नाही देत," बाई म्हणाल्या. "दोघांचा क्रमांक एकच निघाला तर काय करायचं, हे नियमातच आहे. फोन सुरू होताना मेंदूने भागाला त्याच्या कारखान्याच्या ओळखीने हाक मारायची आणि नवा क्रमांक द्यायचा. पण ते मी शेवटच्या तासाला शिकवते. तेव्हा सगळे घड्याळाकडे बघत असतात."

"आणि तुम्ही?"

"मीही बघत असेन, नाहीतर आज आठवायला इतका वेळ लागला नसता."

त्यांनी मेंदूच्या सूचनांत एक ओळ घातली. ट्यूनरला हाक मारून सातवा क्रमांक दिला, आणि सगळी मंडळी पुन्हा तळघरात उतरली. साहेबांची एक पद्धत होती. शेवटचा फोन, ज्याच्या भागाची चाचणी असेल त्यालाच करायचा. निकाल त्याला त्याच्याच भागातून ऐकू जायला हवा, असं ते म्हणत. बाईंनी नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि साहेबांच्या खुणेनुसार सगळ्यांत आतल्या भिंतीकडे चालायला लागल्या. पहिल्या खेपेला जिथे फोन तुटला होता तो खांब आला. मागे पडला.

"हॅलो, ताई?" धाकटीचा आवाज आला. "नापास ना? सांगून टाक. मी खुर्चीवर बसूनच फोन घेतलाय."

"पास झालीस गं," बाई म्हणाल्या. "तुझ्यात काहीच खोट नव्हती. खोट माझ्या शिकवण्यात होती. घरी आल्यावर सांगते सगळं. आता घरी बोलायला हरकत नाही."

पलीकडून काहीच आवाज आला नाही. साहेबांनी घाईने फोनच्या पडद्याकडे पाहिलं. "तुटला वाटतं."

बाईंनी फोन कानाजवळ धरला. "नाही साहेब, जोडलेला आहे. रडतेय ती."

"मी कुठे रडतेय?" फोनमधून भरल्या गळ्याचा आवाज आला. "तूच रडतेयस. तुझं नाक ओढल्याचंसुद्धा ऐकू येतंय मला."

साहेबांनी खिशातून रुमाल काढून बाईंपुढे धरला. "दोन्ही बाजूंनी आवाज स्पष्ट," ते म्हणाले, आणि वर जायला निघाले.