एका डोळ्याची होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे आणि मला एकच डोळा आहे. पोसायडन या समुद्रदेवाच्या देवळाच्या अंगणात मला टेकू लावून ठेवलं आहे. येणारे-जाणारे माझ्या डोळ्याला तेल लावतात आणि म्हणतात, "केवढी ही देवाची कृपा!" ते ऐकलं की माझा जीव जळतो.

अरिस्तिओन नावाच्या कोळ्याने मला बांधलं, तेव्हा मला दोन डोळे होते. आमच्याकडे पुढच्या टोकाला डोळे रंगवल्याशिवाय होडी पाण्यात लोटत नाहीत. तिला वाट कशी दिसणार? होडी बांधायची विद्या माणसांना अथीना देवीने दिली, म्हणून अरिस्तिओनने तिचं नाव घेऊन ते निळे डोळे रंगवले.

"होडी देवीची, मासे पोसायडनचे. आपण नुसते वल्ही मारायचे धनी," तो हसून म्हणायचा.

"आणि जाळी कोण विणतं? तीपण देवीच का?" त्याची बायको निकोस्त्राता विचारायची.

दर वसंतात पहिला कुपा मासा पोसायडनच्या वेदीवर जायचा. एका वर्षी सबंध हंगामात एकच कुपा मिळाला. तोही देवाला गेला आणि घरात जवाची पेज शिजली. अशी बारा वर्षं गेली. मी त्या देवाला अगदी आपला समजत होते.

मग तो शरद आला. आकाशातल्या कृत्तिका पहाटे मावळू लागल्या की वादळांचे दिवस येतात आणि आमच्याकडे कोणी समुद्रात जात नाही. मलाही किनाऱ्यावर ओढून ठेवलं होतं. पण त्या सकाळी खाडीत डॉल्फिन आले. डॉल्फिन म्हणजे पोसायडनची माणसं. त्यांच्यामागे कुप्यांचा थवा चमकत होता.

"बघ, देव स्वतः बोलावतोय!" अरिस्तिओन म्हणाला.

"कृत्तिका मावळल्यात रे! बोलवायचंच असेल तर वसंतात बोलवेल. तोवर थांबून त्याला कुठे म्हातारपण येणार आहे?" निकोस्त्राता म्हणाली.

"बारा वर्षं दिलंय त्याला. तो मला बुडवेल का?"

त्याने मला पाण्याकडे लोटलं. मी तर आनंदाने पाण्यात घसरले. ते आठवलं की अजून लाज वाटते.

दुपारी उत्तरेचा वारा सुटला. डॉल्फिन केव्हाच निघून गेले होते. अरिस्तिओनने पोसायडनला हाका मारल्या, मग अथीनेला. मला बांधायला शिकवणारी तीसुद्धा आली नाही. एका लाटेने त्याला माझ्यातून उचलून नेलं. तिसऱ्या दिवशी मी किनाऱ्याला लागले, रिकामी आणि धडधाकट.

बुडालेल्याचं प्रेत मिळालं नाही, तर आम्ही रिकामी कबर बांधतो आणि तीनदा नाव घेऊन त्याला घरी बोलावतो. त्या कबरीपाशी निकोस्त्राताला मी हवी होते. त्याच्या हातचं दुसरं काही उरलंच नव्हतं. पण पुजारी म्हणाला, "देवाने वाचवलेली होडी देवाची. तिला देवळात न्या."

"होडी वाचवता येते आणि होडीतला माणूस येत नाही? असला कसला हा वाचवणारा?"

"अरिस्तिओनचंच काहीतरी चुकलं असेल, बाई."

"बारा कुपे दिले! त्यातला कुठला कमी पडला, ते विचारून सांगा."

पुजाऱ्याने माणसं बोलावली. त्यांनी मला देवळात आणलंच.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळ्यांच्या देखत ती अरिस्तिओनची करवत घेऊन आली आणि तिने माझा डावा डोळा फळीसकट कापून घेतला. तिला कोणी अडवलं नाही. पुजाऱ्यानेही दुसरीकडे पाहिलं. मित्रांनो, मला दुखलं, पण मागितले असते तर मी दोन्ही डोळे दिले असते.

तो डोळा आता टेकडीवर, रिकाम्या कबरीच्या उशाशी उभा आहे. दर शरदात कृत्तिका मावळल्या की निकोस्त्राता तिथून तीनदा "अरिस्तिओन!" अशी हाक मारते. ती ऐकली की खालचे कोळी निमूट आपल्या होड्या वर ओढतात. त्या दिवसानंतर आमच्या खाडीतला एकही माणूस शरदात बुडालेला नाही. आणि याचंही श्रेय लोक देवालाच देतात.

म्हणून एवढंच मागते. माझ्या या डोळ्याला तेल लावू नका. त्या डोळ्याचा निळा रंग खाऱ्या वाऱ्याने उडत चालला आहे आणि निकोस्त्राताचा हात आता थरथरतो. तुमच्यापैकी कोणीतरी रंग घेऊन टेकडीवर जा. आणि जमलं, तर तिची हाकही शिकून घ्या.